शेवटचा रकाना

रविवारी दहाच्या ठोक्याला वन्सं आल्या आणि त्यांच्या हातातली यादी बघूनच थोरलीने ओळखलं, आजचा दिवस काही सरळ जायचा नाही. वन्सं शाळेत मुख्याध्यापिका. यादीशिवाय त्या वाढदिवसालासुद्धा जात नसत.

"बसा सगळे," चपला काढता काढताच त्या म्हणाल्या. "विषय एकच. अप्पांची खोली."

थोरलीने जेवणाच्या टेबलावरचा पसारा आवरायला घेतला. पसारा कसला, तिचा धंदाच तो. बावीस वर्षं ती ह्याच टेबलावर पुस्तकं बांधत आली होती. दिवसातून दोनदा, ताटं मांडायची वेळ झाली की खळीचं भांडं, पुठ्ठे, सुया, दोऱ्याची रिळं, अर्धी शिवलेली पुस्तकं, सगळं उचलून पलंगाखाली सरकवायचं आणि जेवणं उरकली की पुन्हा बाहेर काढायचं. एकदा नवऱ्याने वर्तमानपत्र वाचता वाचता खळीच्या भांड्यात बिस्कीट बुडवून खाल्लं होतं. वर म्हणाला होता, आज चहा जरा दाट झालाय.

आणि आता कुठे नशीब उघडायची चिन्हं होती. गावातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयाने तीनशे पुस्तकं बांधायला द्यायचं ठरवलं होतं. वर्षभराचं काम! अट एकच, कामाला वेगळी, कोरडी खोली हवी. जिथे आमटी सांडते तिथे वाचनालयाचं पुस्तक जाणार नाही, असं ग्रंथपाल बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. जागा बघायला त्या उद्या सकाळी येणार होत्या. घरात रिकामी करता येईल अशी खोली एकच, आणि त्या खोलीत होती अप्पांची सहाशे चाळीस कुलपं.

अप्पा म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी गोदामावर राखणदारी केली. माणूस दिवसभर कुलपं लावतो आणि काढतो, तर घरी आल्यावर त्याला कुलपांचा वीट यावा की नाही? पण नाही. पहिलं कुलूप त्यांनी भंगाराच्या गाडीवरून उचललं, ते म्हणे 'आवाज फार गोड' म्हणून. मग छंदच जडला. पितळी, लोखंडी, माशाच्या आकाराचं, अंगठ्याएवढं, नारळाएवढं, दोनदा फिरवावं लागणारं, उलटं फिरवावं लागणारं. नवं कुलूप हाती आलं की आधी ते कानाशी धरायचे, किल्ली फिरवायचे, डोळे मिटायचे. 'खट्' असा आवाज झाला की म्हातारा दहा वर्षांनी तरुण दिसायचा. ते बघायला मात्र थोरलीलाही आवडायचं, कुणाला सांगू नका.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण जागा लागते. पाहुणे फुलांऐवजी कुलपं आणायला लागले. डाळीच्या डब्यात कुलूप, आंघोळीच्या मगात कुलूप. शेवटी सासूबाईंनी कंबर कसली. सगळी कुलपं मागच्या खोलीत कोंबली, किल्ल्या मात्र बाहेर ओसरीतल्या बाकाखाली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. 'कुलूप एकीकडे, किल्ली दुसरीकडे, म्हणजे चोराला दोन चोऱ्या कराव्या लागतील,' हा अप्पांचा नियम. कुठल्या कुलपाची किल्ली कुठली, हे सासूबाईंनी एका लांबट, वरच्या बाजूने शिवलेल्या वहीत लिहून ठेवलं. प्रत्येक किल्लीवर आकडा कोरलेला, आणि वहीत शेवटच्या रकान्यात तो आकडा. बाई भारी काटकसरी. कागद वाया जायला नको म्हणून पार कडेपर्यंत लिहायच्या.

आणि तिथेच थोरलीचं घोडं पेंड खात होतं.

सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. वहीची पानं सुटी व्हायला लागली. म्हणून अप्पांच्या पंचाहत्तरीला थोरलीने ती वही बांधून दिली. मरून रंगाचं कापड, सोनेरी अक्षरं, जीव ओतला होता तिने. शिवण झाली की पानांच्या कडा सारख्या दिसाव्यात म्हणून बाइंडर लोक तिन्ही बाजूंनी पट्टी छाटून घेतात. तिनेही छापखान्यातल्या यंत्रावर घेतली छाटून. पट्ट्या रद्दीत गेल्या. घरी येऊन वही उघडून बघते तर काय, शेवटचा रकानाच गायब! सहाशे चाळीस कुलपांची वर्णनं जागच्या जागी आणि किल्लीचा आकडा एकाही ओळीत नाही.

सांगायचं ठरवूनच तिने वही पुढे केली होती. पण अप्पांनी वही हातात घेतली, कापडावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "ही मी उगाच हाताळणार नाही, थोरले. ठेवणीतली आहे." वही कपाटात गेली. सुटले, असं थोरलीला वाटलं. त्याला आता आठ महिने झाले होते, आणि एकही दिवस तिला धड सुटल्यासारखं वाटलं नव्हतं.

"वहिनी, लक्ष कुठंय?" वन्सं म्हणाल्या. "दादा, तू बोल. तू थोरला."

थोरल्याने घसा खाकरला. हा माणूस टपाल कचेरीत कामाला. आलेलं पत्र पुढे पाठवायचं, आत काय आहे ते आपण बघायचं नाही, हाच त्याचा घरातलाही रिवाज. "म्हणजे बघ, अप्पांचंही बरोबर आहे. आणि हिचंही बरोबर आहे."

"आणि तुझं?"

"माझं काय, मी आपला दोघांच्या बाजूने आहे."

"झालं! ह्याला म्हणतात बिनबुडाचं भांडं," वन्सं म्हणाल्या आणि धाकट्याकडे वळल्या. "तू?"

धाकटा वायरमन. कमरेला पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर लटकलेले नसले तर त्याला कपडे घातल्यासारखं वाटत नसे. "मी वहिनीच्या बाजूने. निम्मी कुलपं भंगारात घालू. गंजलीत सगळी."

"मी नाही," धाकटी म्हणाली. नवऱ्याने डोळे वटारले तशी तीही वटारून बसली. धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची, डोळे वटारण्यात तिचा हात कोण धरणार! "काल रात्री तर हो म्हणालीस," तो पुटपुटला.

"काल रात्री जाऊबाईंनी मला दोऱ्याची चोर म्हटलं नव्हतं. आज सकाळी म्हटलंय."

हे मात्र खरं होतं. गेले काही महिने थोरलीचा लाल मेणाचा दोरा रिळामागून रीळ गायब होत होता. घरात शिवणटिपण करणारी दुसरी कोण? धाकटीच. "चोर नाही म्हटलं मी," थोरली म्हणाली, "मी म्हटलं, दोऱ्याला काही पाय फुटत नाहीत."

"ऐका! म्हणजे माझेच पाय ना?"

"दोऱ्याचं नंतर," वन्संनी यादीवर रेघ मारली. "मूळ मुद्दा वेगळा आहे. आठ महिने अप्पा कुणाला त्या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत. दार लावून आत काहीतरी खुडबुडत बसतात. विचारलं तर म्हणतात, काम आहे. कसलं काम? पंचाहत्तरी झाली की माणसाचं डोकं..."

"डोकं काय?" मागून आवाज आला.

अप्पा दारात उभे होते. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, आंघोळ करून आलेले. सगळे एकदम चहाच्या कपांत बघायला लागले.

"डोकं शांत ठेवावं, असं म्हणत होती तुमची लेक," थोरला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने पत्र बदलून दिलं.

पण वन्सं कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्या उठल्या. "अप्पा, वहिनीला खोली हवीय. उद्याच हवीय. तिचं वर्षाचं काम अडलंय. तुम्ही नुसतं बघू तर द्या, आत काय चाललंय ते." आणि त्या सरळ मागच्या खोलीकडे चालू लागल्या.

अप्पांच्या चालीत एरवी घाई कधी दिसायची नाही. पण आज ते वन्संच्या आधी दारापाशी पोचले. ओसरीच्या भिंतीवर खिळ्याला एक काळं, नारळाएवढं कुलूप शोभेसाठी टांगलेलं असायचं. ते त्यांनी उचललं, दाराच्या कडीत अडकवलं आणि दाबलं. ते दाबलं की आपोआप लागणाऱ्यातलं होतं.

खट्!

"वर्षभर थांबा म्हणावं वाचनालयाला," अप्पा म्हणाले. "वर्षभरात देतो खोली."

"वर्षभराने ते काम दुसऱ्याला गेलेलं असेल, अप्पा," थोरली म्हणाली. "बावीस वर्षं मी पलंगाखालून काम काढतेय. कधी काही मागितलं का?"

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग खिसा चाचपला, जो बनियनला नव्हताच.

"माझा चष्मा," ते म्हणाले. "आत राहिला."

"मग उघडा की!" धाकटा म्हणाला.

अप्पा कुलूप उलटसुलट करून बघायला लागले, दूध उतू गेल्यावर मुलं पातेलं बघतात तसे.

"किल्ली कुठली ते आठवत नाही ना?" वन्सं म्हणाल्या. "म्हणजे मी म्हणत होते ते..."

"डब्यात आहे! डब्यात असणारच!"

"अहो पण डब्यांत सहाशे चाळीस आहेत!"

"त्यात काय, मी कडीचे स्क्रू काढतो," धाकटा हत्यार उपसत म्हणाला. "चार स्क्रू. दोन मिनिटांचं काम."

"खबरदार!" अप्पा दाराला पाठ लावून उभे राहिले. "चाळीस वर्षांत मी एक कडी उचकटू दिली नाही. मालकाची किल्ली हरवली तेव्हासुद्धा नाही. कुलूप किल्लीनेच उघडायचं. बाकी सगळी चोरी."

"मग आईची वही काढा," वन्सं म्हणाल्या. "कशाला आहे ती? बघू आकडा, उघडू दार."

थोरली पुढे झाली. "वही कशाला," ती घाईघाईने म्हणाली, "ठेवणीतली आहे. आपण एकेक किल्ली लावूनच बघू की. सहा जणं आहोत."

गंमत म्हणजे अप्पाही त्याच दमात म्हणाले, "हो हो, वही नको. लावून बघू." सून आणि सासरे इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका सुरात बोलले. थोरला खूश झाला. त्याला वाटलं, भांडण मिटलं.

मग डबे निघाले. ओसरीत सतरंजी पसरली, त्यावर किल्ल्यांचा ढीग. धाकटीने मोजणी अंगावर घेतली. बारीक वस्तूंशी खेळणं तिचं रोजचंच. बाकीचे रांगेने कुलपापाशी. एकाने लावायची, न लागली तर मागे द्यायची, शेवटच्याने रिकाम्या डब्यात टाकायची. वन्संनी अर्थातच रांगेची शिस्त लावली. 'ढकलाढकल नको, थोरल्या!' असं त्या पन्नाशीच्या भावाला म्हणाल्या आणि तो 'हो बाई' म्हणाला.

पहिल्या शंभर किल्ल्या सगळे भांडत होते. दुसऱ्या शंभरात आठवणी निघायला लागल्या. धाकटा एकदा शाळा बुडवायला म्हणून आंघोळीच्या मोरीत स्वतःला कोंडून बसला होता, आणि अप्पांनी बाहेरून आणखी एक कुलूप घातलं होतं. वन्संच्या लग्नात नवऱ्याकडच्यांच्या सगळ्या ट्रंकांना अप्पांनी स्वतःहून कुलपं लावून दिली आणि किल्ल्या द्यायचं विसरले. चार दिवस त्या लोकांनी एकाच कपड्यांवर काढले. हे सांगताना वन्संना हसू आवरेना. त्यांच्या हातातली यादी कधीच सतरंजीखाली गेली होती. एखादी किल्ली अर्धी आत गेली की सगळे श्वास रोखायचे. "थांब, थांब, फिरव... अरेरे!" थोरली मात्र हसत नव्हती. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

दोन वाजता शेवटची किल्ली लावून झाली. नाही लागली.

"एक मिनिट," धाकटी म्हणाली. "ह्या चारशे एकोणतीसच आहेत. मी दोनदा मोजल्या."

"दोनशे अकरा कमी?" वन्संचं हसू मावळलं. त्यांनी भावांकडे अशा नजरेने बघितलं की शब्दांची गरज नव्हती. बघा, म्हातारा किल्ल्या हरवत सुटलाय. "अप्पा, आता वही काढायलाच हवी. दादा, कपाट उघड."

थोरल्याने वही आणली. मरून कापड अजून नव्यासारखं झळकत होतं. वन्संनी पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या. "'माशाचं कुलूप. शेपूट मोडकी. मी नको म्हणत असताना घेतलं.' 'लहान पितळी. बरं आहे.' 'दोनदा फिरवायचं. एका फेऱ्यात भागत नाही अशी माणसं असतात.' अगदी आईच!" सगळे हसले. "हं, हे बघा. 'काळं, नारळाएवढं. पायावर पडलं तेव्हा कळलं किती जड आहे. किल्ली नंबर...'"

वन्सं थांबल्या. पान उलटलं. आणखी एक उलटलं.

"नंबर कुठाय?"

थोरली उभी राहिली. पळून जावं की काय, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. पण कुठे जाणार, एकुलती एक खोली कुलूपबंद.

"मी कापले," ती म्हणाली. "कडा छाटताना. शेवटचा रकाना गेला सगळा. बांधायच्या आधी मी बघितलंच नाही. आठ महिने सांगायची हिंमत झाली नाही. अप्पा, सासूबाईंच्या हातचं होतं ते. माझं चुकलं."

एवढं बोलून ती रडायलाच लागली. धाकटी, दोऱ्याचं भांडण विसरून, तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. वन्संचा चेहरा लाल झाला होता. "आईची वही! वहिनी, तू बाइंडर आहेस की..."

"मला माहीत आहे," अप्पा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"रकाना कापला गेलाय ते. तिने वही दिली त्याच दिवशी दुपारी बघितलं मी."

अप्पांनी टॉवेलने तोंड पुसलं, उगाचच. मग धाकट्याकडे वळून म्हणाले, "काढ स्क्रू."

"अप्पा?"

"ऐकू येत नाही का? उद्या त्या बाई येणार आहेत. काढ."

धाकट्याने स्क्रू ड्रायव्हर लावला. चार स्क्रू निघाले. कडी कुलपासकट लोंबकळली, कुलूप तसंच लागलेलं, आणि दार उघडलं.

आत कसला पसारा आणि कसलं काय. खोली लख्ख झाडलेली. भिंतीकडेच्या फळ्यांवर कुलपं रांगेने मांडलेली, आणि त्यातल्या कितीतरी कुलपांना एकेक किल्ली लाल मेणाच्या दोऱ्याने बांधलेली. जमिनीवर एक चटई, चटईवर चष्मा, एक सुटं कुलूप. आणि दोऱ्याचं एक रीळ.

"माझा दोरा!" थोरली म्हणाली.

"बघा," धाकटी म्हणाली. तिने पाठीवरचा हात काढून कमरेवर ठेवला. "बघा, कोणाचे पाय ते."

"दोनशे अकरा जुळली," अप्पा चष्मा उचलत म्हणाले. "सोपं नाही हो. एका कुलपाला चारशे किल्ल्या लावून बघायच्या. कधी दिवसात दोन जुळतात, कधी आठवडा कोरडा. सगळी जुळली की मी वहीत आकडे पुन्हा लिहून ठेवणार होतो. हिला कळलंसुद्धा नसतं."

"पण अप्पा, मला सांगायचं तरी!" थोरली म्हणाली.

"काय सांगायचं? दोन महिने खपून बांधलीस तू ती वही. एवढी देखणी वस्तू मला कोणी कधी दिली नव्हती. तिच्यात खोट काढू? आणि तुझ्या सासूने एवढ्या शिव्या घातल्यात त्या कुलपांना, तिला तर बरंच वाटलं असेल आकडे गेल्याचं." मग अप्पांनी टॉवेलने चष्मा पुसायला घेतला. "मला वेळ लागला, एवढंच. माझ्यामुळे तुझं काम जायला नको, पोरी."

थोरलीने वाकून नमस्कार केला नाही की काही नाही. तिने नाक पुसलं, ओसरीतला एक डबा आणून चटईवर बसली, एक किल्ली उचलली आणि सुट्या कुलपात घालून बघितली. "नाही लागली," ती म्हणाली. "मला खोली नको, अप्पा. आधी हे पुरं होऊ दे."

"नको कशी? वेडी की काय!" वन्सं कडाडल्या. मुख्याध्यापिका परत आली होती. "कुलपं भिंतीवर, टेबल मध्ये, किल्ल्या खिडकीत. धाकट्या, खिळे! दादा, तू आज तरी एक बाजू घे. टेबलाची ती बाजू घे आणि उचल."

सोमवारी सकाळी ग्रंथपाल बाई आल्या. बारीक, चष्मेवाल्या, कोपऱ्यातलं जाळंही नजरेतून न सुटणाऱ्या. त्यांनी जमीन बघितली, खिडकी बघितली, टेबल हाताने हलवून बघितलं. मग चारही भिंतींवरची सहाशे एकोणचाळीस कुलपं बघितली, आणि दारावर लोंबणारं सहाशे चाळिसावं. खिडकीपाशी अप्पा किल्ल्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. दाराबाहेर बाकीचं घरदार कान टवकारून उभं.

"जागा कोरडी आहे," बाई म्हणाल्या. "एकच विचारते. आमच्या पुस्तकांत वाचकांनी कडेला टिपणं लिहिलेली आहेत, शंभर शंभर वर्षांपूर्वीची. छाटताना कधी मजकूर कापला जात नाही ना तुमच्याकडून?"

दाराबाहेर थोरल्याला ठसका लागला. थोरलीने अप्पांकडे बघितलं. अप्पा कुलपात बघत होते. खोटं बोलणं किती सोपं होतं! एका 'नाही'चा तर प्रश्न.

"एकदा कापला गेलाय," ती म्हणाली. "ह्याच घरातल्या वहीचा. त्याचं काय झालं ते भिंतीवर आहे. चारशे एकोणतीस अजून जुळवतोय. म्हणून आता मी पान न् पान कडेपर्यंत बघितल्याशिवाय पातं लावत नाही. पटलं तर द्या."

मग तिने सगळं सांगितलं, रद्दीत गेलेल्या पट्ट्यांपासून लाल दोऱ्यापर्यंत. बाई ऐकत राहिल्या. हसल्या नाहीत. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"पहिली पन्नास परवा पाठवते," त्या म्हणाल्या. "टिपणंवाली आधी."

बाहेर धाकट्याने आनंदाने दारावर थाप मारली आणि काळं कुलूप कडीसकट धाडकन खाली पडलं. बाईंनी ते वाकून उचललं, दोन्ही हातांनी. निघायला म्हणून त्या वळल्या, पण कुलूप काही हातातून खाली ठेववेना. मग त्यांची नजर अप्पांच्या मांडीवरच्या डब्याकडे गेली.

"हे कुठल्याच किल्लीने उघडत नाही?"

"बाहेरच्या सगळ्या लावून झाल्या," अप्पा म्हणाले. "आता जुळलेल्यांतली एखादी चुकून दुसऱ्याला बांधली असेल, तर बघायचंय. दोनशे अकरा सोडाव्या लागतील."

"मला पावणेअकराला पोचायचंय," बाई म्हणाल्या आणि पदर खोचून चटईवर बसल्या. थोरलीने भिंतीवरचं पहिलं कुलूप काढून गाठ सोडली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

"नाही लागली," ग्रंथपाल बाई म्हणाल्या, आणि दुसरीसाठी हात पुढे केला.